पाऊल आणि पेढी

एकाच धर्माच्या उपासनास्थळाला महाराष्ट्रात किती नावे आहेत, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी जैन सकाळी ‘बस्ती’त दर्शनाला जातो. मुंबईतील गुजराती कुटुंब ‘देरासरा’त जाते. अहिल्यानगर किंवा जालन्याकडील स्थानकवासी ओसवाल ‘स्थानका’त सामायिकाला बसतो, तर विदर्भातील सैतवाल ‘मंदिर’ म्हणतो आणि घरातल्या देव्हाऱ्यापुरते ‘चैत्यालय’ हा शब्द राखून ठेवतो. सगळ्यांच्या मुखी नवकार एकच असतो. जेथे तो म्हटला जातो त्या जागेचे नाव मात्र दर शंभर कोसांवर पालटते.

ही नावे म्हणजे एक नकाशाच आहे. ‘बस्ती’ हा कन्नड ‘बसदि’चा मराठी अवतार, आणि ‘बसदि’ हे मूळ संस्कृत ‘वसति’. जेथे हा शब्द ऐकू येतो तेथे धर्म दक्षिणेकडून, कर्नाटकातून आला किंवा कर्नाटकाशी नांदत राहिला, असे खुशाल समजावे. ‘देरासर’ हा शब्द गुजरातेतून व्यापाऱ्यांच्या सामानाबरोबर आला. ‘स्थानक’ हा शब्द मूर्तिपूजेपासून वेगळ्या झालेल्या परंपरेची खूण आहे आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः मारवाडातून आलेल्या घराण्यांनी रुजवला. इतिहासाचा ग्रंथ न उघडताही केवळ या चार शब्दांच्या आधारे कोण कोठून आले, हे बरेचसे सांगता येते.

शब्द, श्रद्धा, पोशाख, पाककृती या गोष्टी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशा जातात, याचा अभ्यास सांस्कृतिक भूगोल करतो. या जाण्याला त्या शास्त्रात ‘प्रसरण’ म्हणतात. स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी १९५३ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याचा पद्धतशीर अभ्यास मांडला, आणि पुढे या विषयाची परिभाषा ठरत गेली. एक प्रसरण शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे होते. तेथे माणूस जागेवरच राहतो आणि कल्पना पुढे सरकते. दुसऱ्या प्रकारात कल्पना आधी राजाकडे किंवा मोठ्या नगरात पोहोचते आणि तेथून खाली उतरते. तिसऱ्या प्रकारात माणूसच उठून दुसऱ्या गावी जातो आणि आपली भाषा, आपला देव, आपले लोणचे बरोबर नेतो. जैन समाजाच्या अडीच हजार वर्षांच्या प्रवासात हे तिन्ही प्रकार सापडतात. त्यांच्या मुळाशी मात्र दोन साध्या गोष्टी आहेत: साधूचे पाऊल आणि गृहस्थाची पेढी.

आधी पावलाचा विचार करू जाता असे दिसते की, जैन साधू-साध्वींना वाहन वर्ज्य आहे. वर्षातील आठ महिने विहार आणि चार महिने एका जागी चातुर्मास, हा त्यांचा क्रम. त्यामुळे या धर्माच्या प्रसाराचा वेग हा माणसाच्या चालण्याचा वेग राहिला. एवढेच नव्हे, तर साधूने कोठवर जावे यालाही मर्यादा होती. ‘बृहत्कल्पसूत्रा’त विहाराच्या चार सीमा सांगितल्या आहेत: पूर्वेस अंग-मगध, दक्षिणेस कौशांबी, पश्चिमेस स्थूणा आणि उत्तरेस कुणाल देश. त्यापलीकडे जावयाचे तर ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य जेथे वृद्धिंगत होईल तेथेच जावे, असा त्याचा आशय आहे. या सीमा राजाच्या नव्हत्या. निर्दोष आहार, प्रासुक पाणी आणि संयमाला पोषक वस्ती जेथपर्यंत मिळेल तेथपर्यंतचा तो प्रदेश होता. गोचरीचा भूगोल असे त्याला म्हणता येईल.

या सीमा पुढे कशा रुंदावल्या, याची एक कथा परंपरेने जपली आहे. सम्राट अशोकाचा नातू संप्रती याने आंध्र, द्रविड, महाराष्ट्र आणि कुडुक्क या देशांत साधूंचा विहार सुकर केला. त्यासाठी त्याने आधी आपली माणसे साधुवेषात तेथे पाठवली आणि भिक्षा कशी द्यावी, कोणता आहार चालतो, कोणता चालत नाही, हे तेथील लोकांना शिकवले. मग खरे साधू गेले. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी तिच्यातील जाण विलक्षण आहे. उपदेश पोहोचण्याआधी स्वयंपाकघर तयार व्हावे लागते, हे त्या कथाकाराने ओळखले होते. महाराष्ट्राचे नाव त्या यादीत आहे, हेही येथील वाचकाने लक्षात ठेवावे.

येथेच पेढीचा संबंध येतो. साधू एका दिवसात जितके अंतर चालेल तितक्या अंतरावर एखादे तरी श्रावकाचे घर असावे लागते. नगरात ते असतेच. आडवाटेच्या गावी कोण असणार? तेथे बहुधा एखादा दुकानदार असतो. व्यापाराच्या वाटेवर दर मुक्कामाला एक दुकान आणि त्या दुकानामागे एक चूल, अशी साखळी तयार झाली म्हणजे विहाराचा मार्ग आपोआप तयार होतो. व्यापाऱ्याने माल नेला आणि साधूने धर्म नेला, इतकी ती विभागणी सरळ नव्हती. दोघांनी एकमेकांची वाट शक्य केली. शत्रुंजय तीर्थाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे नाव आजही ‘आणंदजी कल्याणजीची पेढी’ असे आहे, आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही.

या बाजारपेठेचे एक जुने चित्रही उपलब्ध आहे. इसवी सन ७७९ मध्ये उद्योतनसूरींनी राजस्थानातील जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात एका पेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी तेथे जमले आहेत, आणि प्रत्येकाचा रंग, बांधा, स्वभाव आणि बोलण्याची लकब एकेका ओळीत टिपली आहे. त्या गर्दीत मराठेही आहेत, आणि त्यांच्या तोंडी घातलेले शब्द देण्याघेण्याचे आहेत. एका जैन मुनीने बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी बाजारात कान देऊन भाषांचा फरक नोंदवून ठेवला. मराठीच्या इतिहासाचे अभ्यासक ती नोंद आजही आदराने सांगतात.

भाषेविषयीची ही मोकळीक जैन परंपरेच्या गाभ्यातच आहे. भगवान महावीरांची देशना अर्धमागधीत झाली, म्हणजे लोकांच्या बोलीत. समवसरणात प्रत्येक जीवाला ती आपापल्या भाषेत उमगली, अशी श्रद्धा आहे. तिचा अर्थ आचार्यांनी पुढे कृतीने लावला. श्वेतांबरांचे आगम अर्धमागधीत राहिले, दिगंबरांचा ‘षट्खंडागम’ शौरसेनीत रचला गेला, आणि श्वेतांबरांच्या कथा-टीकांसाठी महाराष्ट्री प्राकृत वापरली गेली, इतकी की भाषाशास्त्रात ‘जैन महाराष्ट्री’ असे तिचे वेगळे नाव पडले. दक्षिणेत गेल्यावर हा धर्म कन्नड बोलू लागला. कन्नडचा आदिकवी मानला जाणारा पंप जैन होता, आणि पोन्न व रन्न यांच्यासह त्याला ‘रत्नत्रय’ म्हणतात. तमिळमध्ये ‘जीवकचिंतामणी’ जैन कवीने रचले. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंताने अपभ्रंशात ‘महापुराण’ लिहिले. गुजरातेत शालिभद्रसूरींनी ११८५ मध्ये ‘भरतेश्वर-बाहुबली रास’ रचला. गुजराती साहित्याच्या आरंभकाळात त्याची गणना होते. मराठीतही गुणदासांचे ‘श्रेणिकचरित्र’ आणि गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ ही परंपरा आहे, आणि कारंजा येथील ग्रंथभांडारांनी अपभ्रंशाचा केवढा तरी ठेवा सांभाळला.

या यादीचा उपयोग अभिमानापुरता नाही. तिच्यातून एक नियम दिसतो. धर्म ज्या प्रदेशात गेला, त्या प्रदेशाची भाषा त्याने उसनी घेतली नाही. ती त्याने आपली केली, तिच्यात ग्रंथ लिहिले, व्याकरणे रचली. मूळ सूत्रे मात्र प्राकृतातच ठेवली. सूत्र स्थिर आणि अर्थ चल, अशी ही व्यवस्था होती.

काही ठिकाणी मात्र प्रसरणाला बांधही घातला गेला. बटाट्याचे उदाहरण घ्यावे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगिजांकडून मराठीत आला. आगमकाळी भारतात बटाटा नव्हताच. तरीही अनंतकायाचा विचार आधीपासून होता, आणि नवा कंद दारात आला तेव्हा जुन्या नियमाने त्याची परीक्षा करून त्याला उंबरठ्याबाहेर ठेवले. त्याच वाटेने, त्याच जहाजांतून आलेली मिरची आणि टोमॅटो मात्र जैन स्वयंपाकघरात सुखाने नांदत आहेत. परकेपणामुळे कशाला नकार मिळाला नाही आणि नवलाईमुळे कशाला प्रवेशही मिळाला नाही. आज मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत ‘जैन पावभाजी’ मिळते, कच्च्या केळ्याने बटाट्याची जागा घेतली आहे, आणि ती मागवणाऱ्यांत जैनेतरही असतात. म्हणजे बांधाच्या अलीकडून पलीकडेही काही वाहत असते.

एकोणिसाव्या शतकात या साऱ्या व्यवस्थेपुढे समुद्र आला. पाऊल समुद्रावर चालत नाही. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले. साधुमर्यादेमुळे ते जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या गृहस्थाला तयार करून पाठवले. पुढील पाऊणशे वर्षे हेच घडत राहिले. जामनगरच्या परिसरातील हालारी ओसवाल पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांच्याबरोबर साधू गेले नाहीत, स्तवने गेली. १९६३ मध्ये मोंबासा येथे शिखरबंदी देरासर उभे राहिले. १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना बाहेर पडावे लागले, केनियातूनही अनेक कुटुंबे निघाली, आणि इंग्लंडमधील लेस्टर शहरात एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या इमारतीत जैन मंदिर साकारले. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी या सर्वांना त्या एका छपराखाली जागा आहे. भारतात ज्यांची दारे वेगळी, ते परदेशात शेजारी झाले. अंतराने जे दुरावते त्याबरोबर काही जवळही येते, याचे हे उदाहरण.

साधूंनाही अखेर या प्रश्नाला सामोरे जावे लागले. चित्रभानूजी १९७० मध्ये जिनिव्हाला गेले. आचार्य सुशीलकुमार १९७५ मध्ये अमेरिकेला गेले. दोघांवरही त्या काळी टीका झाली. आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये समण श्रेणी सुरू केली, जिच्यात प्रवासाची मोकळीक ठेवलेली आहे. वाहन वर्ज्य करण्यामागे केवळ रूढी नाही, अहिंसेचा सूक्ष्म विचार आहे. आणि परदेशी वाढणाऱ्या मुलांना गुरूचे दर्शनच होऊ नये, हीही हानीच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळे तो प्रश्न आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

समुद्रापलीकडे जे घडले ते घरात घडत नाही, असे मात्र कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख होती, आणि त्यांपैकी चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात होते. राजस्थान आणि गुजरात या दोन्ही राज्यांतील जैनांची बेरीज केली तरी ती त्याहून कमी भरते. याचा अर्थ असा की, आज महाराष्ट्र हे जैन समाजाचे सर्वांत मोठे घर आहे. त्या घराची भाषा कोणती, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

मराठवाड्यातील एका बाजारपेठेच्या गावी धान्याची आडत असलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी मारवाडातून आले. ते आईशी मारवाडीत बोलतात, शेतकऱ्यांशी आणि मापाड्यांशी मराठीत, मालमोटारवाल्याशी हिंदीत. माडीवरच्या पेटीत त्यांच्या पणजोबांच्या वह्या आहेत; त्या मुडिया लिपीत असल्याने घरात आता कोणालाच वाचता येत नाहीत. आजोबांच्या वह्या देवनागरीत आहेत, आणि मुलाचा सारा हिशोब संगणकावर आहे. दर दिवाळीला त्या जुन्या वह्यांना गंधाक्षता वाहतात आणि पेटी पुन्हा बंद करतात. न वाचता येणाऱ्या अक्षरांची पूजा करण्यात आपण काही गमावतो आहोत, हे त्यांना फार दिवस जाणवले नव्हते.

ते जाणवले पर्युषणात. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या त्यांच्या नातीने त्या वर्षी संवत्सरी प्रतिक्रमण प्रथमच पूर्ण केले. सारी सूत्रे तिला मुखोद्गत होती आणि उच्चारात कोठे चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “दादाजी, मी काल कशाकशाची माफी मागितली, ते मला ठाऊकच नाही. मग ती माफी झाली का?” गृहस्थांनी तिला जवळ घेतले. “बेटा, भाव असला म्हणजे झाली,” असे ते म्हणाले. पण ते उत्तर त्यांचे त्यांनाच पुरले नाही. ज्याचा अर्थ कळत नाही त्याचा भाव कोठून यावा?

त्यांनी हा विषय संघाच्या बैठकीत मांडला. पाठशाळेत अर्थ कोणत्या भाषेत शिकवावा, यावर तेथे एकमत झाले नाही. हिंदीत पुस्तके भरपूर आहेत आणि महाराजांची व्याख्यानेही हिंदीत होतात, असे काहींचे म्हणणे होते. मुले इंग्रजीतच विचार करतात, असे तरुण पालकांना वाटत होते. मराठीचे नाव प्रथम काढले ते एका सूनबाईंनी. ही मुले खेळताना, भांडताना, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना मराठीच बोलतात, मग क्षमा मागायलाच वेगळी भाषा कशाला, असे त्यांनी विचारले. मागच्या रांगेतून एक आजीबाई म्हणाल्या, “आणि आमच्या सज्झायींचे काय? त्या मराठीत म्हटल्या तर त्यांत राहील काय?”

आजीबाईंची शंका सोपी नाही. मारवाडी आणि जुन्या गुजरातीतील सज्झायी, स्तवने, ढाळी यांत शेकडो वर्षांची अंतःकरणे ओतलेली आहेत. त्यांची चाल, त्यांचे यमक, त्यांतील घरगुती उपमा या भाषांतरात उतरत नाहीत. भाषा गेली की त्यांच्याबरोबर एक सारे अंगण जाते. दुसरीकडे, अंगण राखण्यासाठी मुलांना अर्थाविना ठेवावे, हेही पटण्यासारखे नाही.

अखेरीस जे ठरले ते मूळ व्यवस्थेला धरूनच होते. सूत्रे प्राकृतातच पाठ करावीत. त्यांचा अर्थ मराठीत सांगावा. ज्याला हवे त्याने हिंदी-इंग्रजी पुस्तक जवळ ठेवावे. आणि रविवारी आजीबाईंनी सज्झायी मारवाडीतच, जशाच्या तशा शिकवाव्यात. यात काही गमावले जाणारच. मुले सज्झायी म्हणतील, पण त्या भाषेत स्वतः एखादी रचणार नाहीत, हे सर्वांना कळत होते. तरीही नात आता ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणताना क्षणभर थांबते आणि ज्या भावाशी सकाळी भांडली असेल त्याच्याकडे पाहते.

मारवाडी किंवा गुजराती घराण्यांनी मराठी आपलीशी करण्यात नवे असे काही नाही. गुजरातेतून आलेल्या हुमड समाजातील हिराचंद नेमचंद यांनी सोलापुरात ‘जैन बोधक’ मासिक काढले ते मराठीत. आणि जैन म्हणजे बाहेरून आलेला व्यापारीच, हा समजही अपुरा आहे. कृष्णा-वारणेच्या काठचे चतुर्थ आणि पंचम समाजाचे शेतकरी शतकानुशतके याच मातीत नांगर धरत आले आहेत. त्यांच्यापैकीच एका घरात, कुंभोज येथे, १८८७ मध्ये भाऊराव पाटील जन्मले, आणि १९१९ मध्ये त्यांनी स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेने साऱ्या जातिधर्मांच्या मुलांना शाळेची वाट दाखवली. पेढीवरच्या श्रावकाने बस्तीतल्या श्रावकाकडे पाहिले, तर मराठी ही परक्या गावची भाषा आहे, असे त्याला वाटणार नाही.

श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी लहानसे लेख कोरलेले आहेत. ही मूर्ती चामुंडरायाने करविली, एवढेच ते सांगतात. एक लेख कन्नडमध्ये आहे, एक तमिळमध्ये आणि एक मराठीत. मराठीतील ओळ नागरी लिपीत आहे आणि मराठीच्या आद्य लेखांत तिची गणना होते. ज्याने हे कोरवून घेतले त्याला ठाऊक होते की, येथे तीन देशांचे यात्रेकरू येणार आहेत. प्रत्येकाला तो मजकूर आपल्या भाषेत वाचता यावा, एवढी काळजी त्याने घेतली. पाठशाळेच्या फळ्यापुढे उभ्या असलेल्या आजच्या श्रावकावर तेवढीच जबाबदारी आहे.